घंगाळात बसा

घंगाळात बसा. लाजू नका, कुणी बघत नाहीये. मांडी घालता येणार नाही, गुडघे छातीशी घ्यावे लागतील. दीड हात रुंदीच्या भांड्यात मोठ्या माणसाने बसायचं म्हणजे एवढी अडचण सोसायलाच हवी. दोन्ही बाजूंच्या कड्या घट्ट धरा. आतून आई ओरडेल, “अरे, पणजीचं आहे ते, चेपेल!” चेपणार नाही. तुमच्याहून जड संकटं या तांब्यावरून गेली आहेत, त्यातली काही आत्ता बघायचीच आहेत.

परदेशी गोष्टींत भूतकाळात जायला लुकलुकत्या दिव्यांचं यंत्र लागतं. आपल्याला घंगाळ पुरे. वेळेच्या कामाला हे भांडं नवखं नाही, ते पुढे दिसेलच. मोबाइल बाहेर ठेवा. कापसाचे दोन बोळे मात्र बरोबर घ्या. आणि आंघोळ करून निघू नका, वाटेत होईल.

टण्.

टण्-टण्. टणटणटणटण. डोळे उघडायच्या आधीच आवाज दातांत शिरलाय. कापूस घाला कानात, सांगितलं होतं. 1890 च्या आसपासचं पुणं, कसबा पेठ, तांबट आळी, वैशाखातली भर दुपार. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना ओटे, आणि ओट्याओट्यावर उघड्या अंगाची माणसं पाय फाकवून बसलेली. मांडीला टेकवलेला हंडा पायाच्या अंगठ्याने फिरतोय, हातातला हातोडा वर-खाली होतोय. शे-दोनशे हातोडे एकदम. बोलायची सोय नाही, म्हणून सगळे हातवाऱ्यांनी बोलतात. तुम्ही “नमस्कार” म्हणालात ते तुमचं तुम्हालाही ऐकू आलं नाही. वयस्क कारागिरांना तर हातोडे थांबल्यावरही फारसं ऐकू येत नाही. हे त्यांच्या धंद्याचं दुखणं.

वास ओळखा. लोणारी कोळसा, भिजलेली राख, आंबलेली चिंच, घाम. आणि जिभेच्या शेंड्यावर एक कडवट-गोड चव, ती तांब्याची. घरी पोचेपर्यंत ती जाणार नाही.

एका कारागिराने तुमच्याकडे बोट दाखवलं. मग भात्याकडे. इथे रिकामं उभं राहायची पद्धत नाही. ओढा भाता. फूस्स... फूस्स... कोळसे लाल होतात, मग नारिंगी. तुमच्या भुवया चुरचुरायला लागतात. निखाऱ्यांवरचा तांब्याचा पत्रा काळवंडतो, मग आतून उजळत लाल होतो. कारागीर सांडशीने तो उचलतो आणि थेट पाण्यात. चर्रर्र! वाफेचा लोट तुमच्या तोंडावर. बाहेर काढलेला पत्रा आता इतका मऊ की हाताने वाकेल. मग त्याला लांब मानेच्या ऐरणीवर घेऊन ठोकायचं. मार खाऊन तांबं कडक होतं, फार कडक झालं की तडकतं. म्हणून पुन्हा आगीत, पुन्हा पाण्यात, पुन्हा हातोडा. एका घंगाळापायी हा खेळ किती वेळा चालतो ते मोजू नका, भाता ओढा.

बूड वेगळं, अंग वेगळं. दोन्हींच्या कडांना दाते कापून ते एकमेकांत अडकवतात, टाकणखार आणि डागाची भुकटी लावून पुन्हा निखाऱ्यावर धरतात. डाग वितळून फटीत उतरतो. घरी गेलात की घंगाळाच्या आत, बुडाजवळ बोट फिरवून बघा. पिवळसर दातेरी रेघ लागेल. लहानपणी ती तुम्हाला चीर वाटायची.

शेवटी मठारकाम. हातोडा बदलला. याचं तोंड आरशासारखं चकचकीत. पहिला टोला काठाजवळ, दुसरा त्याला किंचित चाटून, तिसरा दुसऱ्याला. ओळीमागून ओळ. कारागीर बघतसुद्धा नाही, शेजाऱ्याशी खुणांनी कुणाच्या तरी जावयाची चेष्टा चालली आहे, आणि हात बिनचूक पडतोय. प्रत्येक टोल्याखाली एक चपटी टिकली उमटते आणि चमकते. ते नक्षीसाठी आहे असं आपल्याला वाटतं. दिसतं छान, पण खरं काम भांड्याला ताठपणा आणायचं.

एकाएकी सगळे हातोडे थांबले. जेवायची वेळ. कान बधिर. मग लक्षात येतं, एक हातोडा अजून चालूच आहे. टुक्. टुक्. टुक्. पिंपळावर हिरवा, कपाळाला लाल टिळा लावल्यासारखा पक्षी बसलाय. त्याचंही नाव तांबट. त्याला जेवायची सुट्टी नसते. सकाळपासून तो ओरडत होता, पण या आळीत कोण ऐकणार?

ही मंडळी त्वष्टा कासार. पेशव्यांच्या अमदानीत कोकणातून वर आली. ओट्यामागच्या देवळीत कालिकामातेपुढे उदबत्ती जळते आहे. तिच्याकडे पाठ करून एक गृहस्थ घासाघीस करत उभे आहेत. पांढरं अंगरखं, लाल पगडी, कपाळावर घाम. नीट बघा, नाक तुमच्याच घरातलं आहे. हे तुमच्या पणजीचे वडील. परवा मुलीचं लग्न, आणि यांना घडणावळ जास्त वाटते आहे. तांब्याची किंमत शेरावर ठरलेली, तिच्यात घासाघीस करता येत नाही. मजुरीत करता येते. तशी ती तेव्हापासून आजपर्यंत करतोच आहोत आपण.

त्यांनी काखेतून एक फुटका हंडा काढला. त्यांच्या आजीचा. “मोड घ्या,” म्हणाले. ताजव्यात घातला, वजन झालं, तेवढे पैसे वळते. आणि हंडा निघाला मुशीकडे. तुम्ही भाता सोडून धावता, “अहो, थांबा, पिढीजात आहे तो!” तेवढ्यात हातोडे पुन्हा सुरू झाले. हंडा गेला. गृहस्थांच्या चेहऱ्यावर दुःखाचा मागमूस नाही. तांबं घरातून गेलं आणि तांबं घरात आलं, हिशेब संपला. आपण ज्याला वारसा म्हणून काचेच्या कपाटात ठेवतो, त्याच्याकडे या माणसाची नजर अशी आहे. मला ती आवडते, पण त्या हंड्याचं वाईट वाटतंच.

सात शेरांचं नवं घंगाळ तयार. आता नाव घालणारा पुढे सरसावतो. छिन्नी उभी, हातोडी चिमुकली, टिक टिक टिक, टिंबाटिंबाने अक्षर. “कुणाचं नाव घालू?” मुलीचं नाव परवा बदलणार. नवं नाव काय, ते नवरदेव तांदळात लिहील तेव्हा कळणार. मग जे नक्की माहीत आहे ते घालावं. काठावर वडिलांचं नाव उमटलं, आणि पुढे ‘यांजकडून’.

कड्या धरा. दोनच दिवस पुढे जायचंय.

हळद, मोगरा, तूप, पलित्याचा धूर. मांडवात उभं राहायला जागा नाही. कुणाची तरी पगडी तुमच्या नाकात, कुणाचं तरी मूल तुमच्या पायावर. सनईवाल्याचा जीव वर आलाय. गोरज मुहूर्त. मांडवाच्या कोपऱ्यात, माणसांचं कडं करून राखलेल्या जागेत, आपलं घंगाळ तांदळाच्या राशीवर बसलंय. काठोकाठ पाणी, त्यावर कुंकू-फुलं वाहिलेली, आणि मधोमध तरंगतंय वाटीएवढं तांब्याचं पात्र. हे घटिकापात्र. तळाला सुईच्या टोकाएवढं भोक. त्यातून पाणी आत चढतं, चढतं, आणि बरोबर 24 मिनिटांनी पात्र बुडतं. एक घटका भरली. अशा 60 घटकांचा एक दिवस.

जोशीबुवांनी तुम्हाला हेरलं. “अहो, तुम्ही इथे उभे राहा. कुणाचा धक्का लागता कामा नये.” झालं, मंगलाष्टकं ऐकायची सोडून पाण्यावर पहारा. पोरं आत घुसायला बघतात. एका आजीला या पाण्यात हात धुवायचे आहेत. वाढप्यांची धावपळ, मागून रेटा, तुमचा घाम घंगाळात पडेल की काय ही भीती.

तेवढ्यात कोटाच्या खिशातून साखळीचं घड्याळ काढत एक काका पुढे. “जोशीबुवा, तुमचं पात्र मागे आहे. माझं घड्याळ पाहा, स्टेशनावर लावून आणलंय.”

“स्टेशनावर मद्रासची वेळ चालते,” जोशीबुवा पाण्यावरची नजर न काढता म्हणाले. “मुलगी पुण्यात द्यायची आहे.”

काकांनी घड्याळ आत ठेवलं. हशा. आगगाड्या तेव्हा खरोखरच मद्रासच्या वेळेने धावत, जोशीबुवांचा मुद्दा बिनतोड होता.

पात्राचा काठ पाण्याला टेकला. गुबुक्. बुडालं. जोशीबुवांचा हात वर, “सावधान!”, अंतरपाट बाजूला, अक्षतांचा मारा, ताशावर काठी. आणि त्या गदारोळात तुम्हाला बोहल्यावरची नवरी दिसते. नऊ वर्षांची. नथ ओठांवर टेकतेय, मुंडावळ्या डोळ्यांवर आल्यात, झोप आवरत नाही. सकाळपासून उपाशी आहे. ही पणजी. दिवाणखान्यातल्या फोटोतली ती सुरकुतलेली, काठीवर दोन्ही हात ठेवून बसलेली म्हातारी हीच. तिला उचलून घ्यावंसं वाटेल. घेऊ नका, आपण पाहुणे आहोत.

पुढच्या मुक्कामाला तुमचं वय सात. तक्रार चालणार नाही.

“उठ रे! सूर्य उगवला तर नरकात जाशील.” पांघरूण खसकन ओढलं गेलं. नारायण पेठेतला वाडा, नरक चतुर्दशी, पहाटेचे चार. फरशी इतकी थंड की तुम्ही टाचांवर चालता. चौकात पणत्या. शेजारच्या वाड्यात पहिला फटाका वाजला, म्हणजे त्यांची आंघोळ आधी उरकली आणि तुमच्या वाड्याची अब्रू गेली.

पाटाभोवती रांगोळी. पाट गार. बसताच डोक्यावर कोमट तेलाची धार. पणजी आता तिशीची आहे आणि तिच्या बोटांत तांबटाची ताकद आहे. टाळू, कानामागे, मान, पाठ. बांगड्या एकसारख्या वाजताहेत. मग उटणं. नागरमोथा, कपूरकाचरी, आंबेहळद, संत्र्याची साल. वास घेत राहावा असा, आणि अंगाला कागदाने घासल्यासारखी खरखर. तुम्ही अंग चोरता, ती दंडाला धरून सरळ करते.

न्हाणीत चुलीवर हंडा धडधडतोय. धुराने डोळे उघडत नाहीत. हंड्यातलं उकळतं पाणी घंगाळात ओतलं, वाफेत ती दिसेनाशी झाली. मग विसण: हौदाचं गार पाणी, कात्रजहून नळातून पेठेत येणारं. नानासाहेब पेशव्यांनी आणलेलं हे पाणी अजून वाड्यावाड्याला पुरतंय. हात बुडवून बघते, आणखी अर्धा तांब्या, पुन्हा हात. “बस झालं.” तिचं बस झालं तुमच्या कातडीला पोळतंच. पहिला तांब्या डोक्यावर. हाऽऽ! दुसरा. शिकेकाई डोळ्यात. तुमची बोंब आणि शेजारचा फटाका एकदमच. कुणीतरी दारात फुलबाजी धरलीय, तिच्या ठिणग्या घंगाळाच्या मठारलेल्या अंगावर टिकलीटिकलीतून दिसतात. तांबं चिंचेने घासून लखलखीत केलंय. काल दुपारभर मागच्या दारी राख आणि चिंच घेऊन कोण बसलं होतं ते तुम्ही पाहिलेलं नाही.

डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडा. फटाक्! कडू बी जिभेला लावायची, तोंड वाकडं करायचं, नवे कपडे घालून चौकात पळायचं.

आता पळायच्या आधी एक विचारा. तुमची झाली, आजोबांची झाली, काकांची, पाहुण्यांची. तिची आंघोळ कधी झाली? तीन वाजता, चूल पेटायच्या आत, घंगाळाच्या तळाशी कालचं पाणी होतं त्यात. कुणी तिला तेल लावलं नाही. तिने कधी सांगितलंही नाही.

तारखांच्या भानगडीत पडायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण पुण्यात एक तारीख सांगावीच लागते. 12 जुलै 1961.

त्या दिवशी नको, दुसऱ्या दिवशी सकाळी उतरूया. काल सकाळी पानशेतचं धरण फुटलं, खडकवासल्याने दम सोडला, दुपारी नदी पेठांतून चालत आली, लकडी पुलावरून पाणी गेलं. आज ते ओसरलंय. तुम्ही पाय टाकता आणि गुडघ्यापर्यंत आत जाता. चिखल थंड, तेलकट. वाडा कुठे आहे? लाकडी खांब उभे आहेत, त्यांच्यामधल्या मातीच्या भिंती नाहीत. माजघरातून थेट आभाळ दिसतं.

वास सांगावा की नको? रॉकेल, भिजून फुगलेली धान्याची पोती, आणि मेलेली जनावरं. पदराने, रुमालाने नाकं बांधून माणसं फावड्याने आपलंच घर उकरताहेत. बोलणं कमी. मधूनच कुठेतरी भिंत बसल्याचा धप्प आवाज, आणि मग हाका, कुणी अडकलं नाही ना?

गल्लीच्या कोपऱ्यावर भांड्यांचा ढीग. कुठल्या घरातलं काय वाहत आलं याला धरबंध नाही. पातेली, परातीत अडकलेला चंबू, शिवणयंत्राचं चाक. तिथे चिखलाने माखलेली एक बाई, नऊवारीचा काचा मारलेली, दुसऱ्या एका बाईशी वाद घालते आहे. ही तुमची आजी. पणजीची सून. दोघींच्या हातात एकेक कडी आणि मध्ये घंगाळ.

“माझं आहे ते.”

“अहो वहिनी, आमच्याकडेही अस्संच होतं. कड्यासुद्धा अश्शाच.”

खोटं कुणीच बोलत नाहीये. पेठेत घरोघरी घंगाळं, सगळी त्याच आळीतली. आजी खाली बसते. डबक्यातलं पाणी ओंजळीने घेऊन काठ चोळते. चिखल सुटतो. एक टिंब. दुसरं. टिंबाटिंबाने अक्षर, अक्षराअक्षराने नाव, आणि ‘यांजकडून’. दुसऱ्या बाईने कडी सोडली. काही बोलली नाही, ढिगात आपलं शोधायला वाकली. आजी क्षणभर थांबली आणि तिच्याबरोबर शोधू लागली. ते सापडलं की नाही, आजीने कधी सांगितलं नाही.

संध्याकाळी शाळेत उघडलेल्या छावणीत घंगाळात काय काय होतं ते बघा: देव्हाऱ्यातले देव, पाणी निथळणारे फोटो, आणि या सगळ्यावर लुगड्याची घडी करून निजवलेलं शेजारच्यांचं तीन महिन्यांचं मूल. त्याला त्या रात्री झोप लागली. बाकी कुणाला लागली नाही.

पुढचा भाग पटकन उरकू, कारण तो तुम्हाला माहीत आहे. फ्लॅट, मोरीएवढी बाथरूम, गिझर, प्लॅस्टिकची बादली. घंगाळ माळ्यावर. सगळी आळी स्टीलच्या नादी लागलेली, बोहारीण जुन्या साड्यांवर डबे देते आणि मोडीवाला तांब्यापितळेवर नोटा. एका दुपारी घंगाळ त्याच्या काट्यावर चढलंसुद्धा. साडेसहा किलो. आजोबांनी पिशवी पुढे केली. आतून आजी आली, काट्यावरून घंगाळ उचललं, “पुरातून काढलंय मी ते,” एवढंच म्हणाली आणि आत गेली. मोडीवाल्याने काटा आवरला. तुमच्या पणजीच्या वडिलांनी हाच व्यवहार हसतमुखाने केला होता. आजीला तो जमला नाही. दोघांपैकी कोण बरोबर, मला विचाराल तर आजी. त्यांच्या हंड्याने त्यांच्यासमोर काही सोसलं नव्हतं, किंवा सोसलं असेल तर ते सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

उठा. पायांना मुंग्या आल्या असतील. घरीच आहात.

आता थोडं कामाचं. घंगाळाला लाखेचं पॉलिश मारून दिवाणखान्यात ठेवू नका. चिंच किंवा लिंबू-मीठ पुरतं. काळं पडलं तर पडू द्या, तांबं हवेत काळवंडतंच. आत कल्हई नाही, तेव्हा ताक-कैरीसारखं आंबट त्यात ठेवू नका, कळकेल. कुंडी करायला तळाला भोक पाडायचा विचार कुणी बोलून दाखवला तर त्याला सात शेराचं वजन उचलायला लावा. आणि येत्या दिवाळीला, गिझरचं का होईना, पाणी त्यात काढा. पोरांना पोळू द्या थोडं. तीन वाजता उठणारी जी कुणी घरात असेल, तिला या खेपेला आधी पाटावर बसवा आणि तेल तुम्ही लावा.

राहिलं नाव. सव्वाशे वर्षं ज्यांनी ते घासलं, भरलं, चिखलातून उपसलं, काट्यावरून उतरवलं, त्यांतल्या एकीचंही नाव त्यावर नाही. जाणकार सांगतील, जुन्या वस्तूवर नवे ओरखडे काढू नयेत. घंगाळ केळकर संग्रहालयाला देणार असाल तर त्यांचं जरूर ऐका. घरात ठेवणार असाल तर भांड्यांच्या दुकानात अजूनही नाव घालून देतात. आता टिंबं मशीन काढतं, मिनिटभराचं काम. काठाला जागा भरपूर आहे. पणजीचं घाला, आजीचं घाला, आईचं घाला. आईला आधी विचारू नका, ती नको म्हणेल. घालूनच आणा.